पगार जास्त आला तर ?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. गोष्ट अवघ्या तीन हजार रुपयांची. परंतु तिच्यापायीं घरांत दोन दिवस वाद चालला, ऐन जेवणाच्या वेळीं कायद्याचें पुस्तक कपाटांतून बाहेर निघालें, आणि आपण व्यवहारांत चोख आहों असें समजणाऱ्या आम्हां सर्वांनाच थोडें अंतर्मुख व्हावें लागलें. ती हकीकत प्रथम सांगून मग मूळ प्रश्नाकडे वळतों.

आमचें कुटुंब एकत्र. आई, आम्ही तिघे भाऊ, तिघांचे संसार आणि मुलेंबाळें. धुण्याभांड्यांस एक बाई गेलीं अकरा वर्षें येत आहे. तिचा पगार तीन हजार रुपये. तो महिन्याच्या पहिल्या तारखेस थोरल्या वहिनींनीं तिच्या हातांत ठेवावयाचा, असा शिरस्ता. त्या महिन्यांत वहिनींना पहिल्याच दिवशीं बहिणीच्या आजारपणामुळें घाईघाईनें नाशिकास जावें लागलें. जातां जातां त्यांनीं बाईचा पगार रोख दिला. पण गडबडींत घरांत कोणास सांगितलें नाहीं. इकडे वहिनी घरीं नाहींत, तेव्हां पगार राहूनच गेला असेल, असें समजून धाकट्या सूनबाईंनीं तिसऱ्या तारखेस मोबाइलवरून तीन हजार रुपये बाईच्या खात्यांत भरले. दोघींचाहि हेतु चांगला. पगार मात्र दोनदां गेला!

पंधरा दिवसांनीं वहिनी परत आल्या, त्यांनीं घरखर्चाची वही मांडली, आणि चूक उघडकीस आली. सूनबाईंना फार राग आला. “अकरा वर्षें घरांत वावरणाऱ्या बाईला पगार दोनदां आल्याचें कळलें नाहीं होय ? कळून सवरून गप्प बसली ती !” असें त्या म्हणाल्या. धाकट्या बंधूंनीं तोडगा सुचविला कीं, पुढल्या महिन्यांत पगार द्यावयाचाच नाहीं, म्हणजे हिशेब आपोआप मिटेल. आईनें मात्र एकच प्रश्न केला : “तिला आधीं विचारलंत का ?”

बाईस विचारलें, तेव्हां ती गोंधळून गेली. “मला वाटलं, धाकट्या वहिनींनी दिवाळीची पोस्त आधीच दिली. पोरीच्या क्लासची फी भरायची आहे, हे मी त्यांना बोलले होते. म्हणून यंदा एवढी दिली असेल, असं वाटलं. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला, तर त्या हसल्या.” सूनबाईंना तो नमस्कार आठवला, फीविषयींचें बोलणेंहि आठवलें, आणि त्यांचा राग जागच्या जागीं विरला. परंतु फी भरून झाली होती. पैसे आतां आमच्याहि घरांत नव्हते आणि तिच्याहि घरांत नव्हते.

आमचे मधले बंधु वकिली करतात. त्यांनीं १८७२ सालचा भारतीय कराराचा कायदा उघडला आणि त्यांतील ७२ वें कलम आम्हांस समजावून दिलें. चुकीनें अगर जबरदस्तीमुळें ज्याच्या हातीं पैसे आले असतील, त्यानें ते परत केले पाहिजेत, इतकेंच तें कलम सांगतें. पण त्याखालीं दिलेलें उदाहरण ऐकून सारें घर हसूं लागलें. दोघां असामींना मिळून तिसऱ्याचे शंभर रुपये देणें आहे. पहिला एकटाच सगळी रक्कम देऊन टाकतो. दुसऱ्यास ही गोष्ट माहीत नसल्यामुळें तोहि शंभर रुपये देतो. तर तिसऱ्यानें दुसऱ्याचे पैसे परत केले पाहिजेत. कायदा लिहिणारांच्या डोळ्यांपुढें जणूं एकत्र कुटुंबांतल्या दोन जावाच उभ्या असाव्यात !

येथपर्यंत प्रश्न सोपा वाटला. पैसे आपले नव्हेत, तर ते परत करावेत. परंतु ते केव्हां, किती आणि कोणत्या रीतीनें परत करावयाचे, आणि ज्यानें चूक केली त्यानें त्या चुकीचा कांहीं भार सोसावयाचा कीं नाहीं, या प्रश्नांस ७२ व्या कलमांत उत्तर नाहीं. पगारावर चालणाऱ्या पुष्कळ घरांना केव्हां ना केव्हां हाच प्रश्न पडतो. आणि तो पडतो तेव्हां नोकराच्या बाजूनें काय, किंवा धन्याच्या बाजूनें काय, माणसें बहुधा घाईनें आणि रागानें वागतात. म्हणून त्याचा सावकाश विचार करणें बरें.

दोष कोणत्या क्षणीं लागतो ?

सूनबाईंच्या रागाच्या मुळाशीं एक समजूत होती : जास्त पैसे घेतले, म्हणजे बाई अप्रामाणिक. अशी समजूत पुष्कळ धन्यांची असते. उलट, ‘मीं कांहीं मागितले नव्हते, त्यांनीं आपण होऊन दिले, आतां ते माझे’ अशी समजूत पुष्कळ नोकरांची असते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. १८६० सालच्या भारतीय दंडविधानांत अपहाराच्या कलमाखालीं एक मार्मिक उदाहरण दिलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. तिच्या ३१४ व्या कलमांतहि तें उदाहरण कायम आहे. एखाद्यानें दुसऱ्याची वस्तु आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीनें उचलली, तर ती चोरी नव्हे. परंतु आपली चूक ध्यानांत आल्यावरहि त्यानें लबाडीनें ती आपल्या उपयोगासाठीं ठेवून घेतली, तर तो अपहाराचा गुन्हेगार होय. म्हणजे वस्तु हातीं येण्याच्या क्षणीं दोष लागत नाहीं. खरें काय तें कळल्यानंतर आपण कसे वागतों, यावर तो अवलंबून असतो. आमच्या बाईला कळलें नव्हतें. तिनें नमस्कार करून ते पैसे उघडपणें घेतले होते. आणि ज्याला लपवावयाचें असतें तो नमस्कार करीत नाहीं.

याच्या उलट टोकाचें एक उदाहरण दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत घडलें. तेथें २०२२ सालीं एका कंपनीनें आपल्या एका कामगारास सुमारें पांच लाख पेसो पगाराऐवजीं साडेसोळा कोटींहून अधिक पेसो चुकीनें दिले. ही गोष्ट प्रथम त्याच कामगारानें वरिष्ठांच्या कानावर घातली आणि पैसे परत करण्याचें कबूलहि केलें. पण पुढें तो बँकेंत गेलाच नाहीं, आणि थोड्याच दिवसांत नोकरीचा राजीनामा देऊन नाहींसा झाला. २०२५ सालीं तेथील न्यायालयानें, ही चोरी ठरत नाहीं, असा निकाल दिला. ही बातमी जगभर मोठ्या चवीनें वाचली गेली. परंतु ती वाचून ‘जास्त आलेले पैसे पचतात’ असा बोध कोणी घेऊं नये. फौजदारी गुन्हा शाबीत न होणें वेगळें आणि देणें फिटणें वेगळें. गुन्ह्यांतून सुटलेल्या माणसावर दिवाणी दावा होऊं शकतो; शिवाय ज्याच्या हातीं असे पैसे आले आहेत त्याचें नांव, त्याची नोकरी आणि त्याची झोप या तिन्ही गोष्टी त्या रकमेला बांधलेल्या असतात.

पगारांतून कापावें तरी किती ?

आतां कारखाने, दुकानें आणि कचेऱ्या यांतील पगारदारांकडे वळूं. पूर्वी पगार मोजून पाकिटांत मिळे. मोजणारा आणि घेणारा समोरासमोर असत, आणि चूक झालीच तर ती तेथल्या तेथें निस्तरे. हल्लीं पगार यंत्र काढतें. एखादा आंकडा दोनदां पडला, बिनपगारी रजा मांडावयाची राहिली, बदली होऊन गेलेल्या माणसाचा जुना भत्ता चालूच राहिला, किंवा राजीनामा दिलेल्याचें नांव पटावरून निघालें नाहीं, म्हणजे जास्त रक्कम निमूटपणें खात्यांत जाऊन बसते. अशा चुका कित्येकदां महिनेच्या महिने कोणाच्या लक्षांत येत नाहींत.

धन्याला ही रक्कम पगारांतून परत घेण्याचा अधिकार आहे काय ? आहे. धन्यानें पगारांतून मन मानेल तें कापूं नये, म्हणून कोणकोणत्या कारणांसाठीं कपात करतां येईल याची यादीच १९३६ सालच्या वेतन प्रदान अधिनियमानें घालून दिली होती; आणि जास्त दिलेल्या वेतनाची वजावट हें त्यांतील एक कारण होतें. २०१९ सालीं मंजूर झालेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली आणि तो जुना कायदा तिच्यांत सामावला गेला. तिच्या १८ व्या कलमांतहि हें कारण आहे. पण त्याच कलमांत एक मर्यादाहि आहे. निरनिराळ्या कारणांसाठीं होणाऱ्या सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होतां कामा नयेत.

या निम्म्याच्या मर्यादेंत मोठें शहाणपण आहे. समजा, एखाद्याचें वेतन चाळीस हजार, आणि चुकीनें त्याला आणखी चाळीस हजार मिळाले. पुढल्या महिन्याचा पगारच थांबविला कीं हिशेब मिटला, असें धाकट्या बंधूंप्रमाणें कोणीहि म्हणेल. परंतु कायदा म्हणतो कीं, कपात वीस हजारांपलीकडे जातां कामा नये. त्यांत भविष्यनिर्वाह निधि वगैरेंची नेहमींची कपात पांच हजार असली, तर फेडीसाठीं पंधराच हजार उरले. म्हणजे फेडीला दोन नव्हे, तीन महिने लागणार. धन्यास थोडें थांबावें लागतें हें खरें; पण घरभाडें, किराणा आणि मुलांच्या फिया थांबत नाहींत. चूक धन्याची असतां नोकराच्या घरची चूल एक महिना विझावी, हें न्यायाचें होणार नाहीं.

येथें आणखी एक बारकावा आहे. पगारपत्रकावर दिसणारी रक्कम एक असते आणि प्रत्यक्ष हातीं पडणारी दुसरी. मध्यें प्राप्तिकर आणि निधि कापलेला असतो. जास्त पगार परत करतांना पूर्ण आंकडा परत मागितला, तर जो पैसा आपण कधीं पाहिलाच नाहीं तोहि भरावा लागतो. कॅनडाच्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं ‘फीनिक्स’ नांवाची नवी पगारयंत्रणा सुरू केली, तेव्हां हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कोणास पगार कमी आला, कोणास जास्त आला, कोणास मुळींच आला नाहीं. आणि ज्यांस मागल्या वर्षीं जास्त आला होता, त्यांच्याकडून करासकट रक्कम मागितली जाऊं लागली. अखेर प्रत्यक्ष हातीं आलेली रक्कमच परत करतां यावी, म्हणून २०१९ सालीं तेथील सरकारला कायद्यांत बदल सुचवावा लागला. आपणांवर अशी वेळ आल्यास ‘रक्कम एकूण कीं निव्वळ ?’ हा प्रश्न पहिल्याच पत्रांत विचारावा, इतका बोध त्यांतून घेण्याजोगा आहे.

जुन्या चुकीचें नवें ओझें

आतांपर्यंतच्या गोष्टी महिन्या-दोन महिन्यांच्या चुकीच्या झाल्या. परंतु चूक वीस वर्षांनीं सांपडली तर ?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका सरकारी कचेरींत वरिष्ठ लिपिक होते. निवृत्तीला चार महिने उरले असतां त्यांचें सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलें. तेथें असें आढळून आलें कीं, चौदा वर्षांपूर्वी पदोन्नतीच्या वेळीं वेतननिश्चिति करतांना त्यांस एक वेतनवाढ अधिक धरली गेली होती. चूक करणारा कारकून केव्हांच निवृत्त झालेला. यांनीं तर तो कागद पाहिलाहि नव्हता. परंतु एक वेतनवाढ, तिच्यावरील महागाई भत्ता, पुढें लागू झालेल्या नव्या वेतनश्रेणीमुळें तिचें वाढलेलें रूप, असा चौदा वर्षांचा गुणाकार होऊन कित्येक लाखांचा आंकडा त्यांच्या हातीं पडला. हें सर्व उपदानांतून वसूल केलें जाईल, असें पत्र आलें. मुलीचें लग्न त्या उपदानाच्या भरंवशावर ठरलेलें. “चोरी केली असती तर निदान कशाची शिक्षा हें तरी कळलें असतें,” असें ते त्या दिवसांत म्हणत.

अशा प्रसंगांनीं आपलीं न्यायालयें फार वर्षें गाजत आहेत. रेल्वेंतील एका गार्डाचा मूळ पगार १९७० सालीं दरमहा १९० रुपये ठरला होता. १९९१ सालीं, म्हणजे वीस वर्षांनीं, तो १८१ असावयास पाहिजे होता असें म्हणून मागल्या तारखेपासून कमी करण्यांत आला. बाब नऊ रुपयांची. पण त्याला साधी नोटीसहि दिली गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं तो हुकूम रद्द केला. ज्याचें नुकसान व्हावयाचें त्याचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें पाहिजे, हें नैसर्गिक न्यायाचें पहिलें तत्त्व. आमच्या आईनें कायदा वाचलेला नाहीं. पण ‘तिला आधीं विचारलंत का?’ हा तिचा प्रश्न आणि हें तत्त्व एकच आहे.

सरकारची बाजूहि अगदींच पोकळ नाहीं. सरकारी तिजोरींतील पैसा देणाऱ्या अधिकाऱ्याचा नव्हे आणि घेणाऱ्या नोकराचाहि नव्हे; तो कर भरणाऱ्या लोकांचा आहे, असें याच न्यायालयानें २०१२ सालीं उत्तराखंडांतील शिक्षकांच्या प्रकरणांत बजावलें, आणि जास्त गेलेला पैसा सामान्यतः परत घेतला पाहिजे असें ठरविलें. या दोन विचारांचा मेळ पंजाब राज्याच्या एका प्रकरणांत १८ डिसेंबर २०१४ रोजीं घातला गेला. त्या निकालानें वसुली करूं नये असे पांच प्रसंग सांगितले. नोकर तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गांतील, म्हणजे आतांच्या भाषेंत गट क आणि गट ड यांतील असेल. तो निवृत्त झाला असेल, किंवा वर्षभरांत होणार असेल. वसुलीच्या हुकुमापूर्वी पांच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम दिली जात असेल. नियमाबाहेर त्याच्याकडून वरच्या पदाचें काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला असेल. अथवा वसुली इतकी कठोर आणि अन्यायाची होईल कीं तिच्यापुढें धन्याचा हक्क हलका पडेल. या सर्वांच्या मुळाशीं एकच विचार आहे. लहान पगाराचा नोकर मिळालेला पगार साठवून ठेवीत नाहीं. तो घरच्यांच्या पोटासाठीं खर्च होऊन जातो. ज्या पैशाचें केव्हांच अन्न झालें, तो दहा वर्षांनीं त्याच्याकडून काढणें म्हणजे एकाच्या चुकीचा दंड दुसऱ्यास करणें होय.

परंतु या निकालाच्या भरंवशावर कोणी निर्धास्त राहूं नये. नवी वेतनश्रेणी लागू होतांना, ‘चुकीनें जास्त रक्कम मिळाल्यास ती परत करीन’ असें वचनपत्र नोकराकडून लिहून घेतात. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तें न वाचतांच सही करून दिलें असेल ! असें वचन देणाऱ्या हरियाणांतील एका निवृत्त न्यायाधीशांस २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें वचन पाळावयास लावलें. मात्र वसुली दोन वर्षांत विभागून, सोसतील अशा हप्त्यांनीं करावी असें सांगितलें. दुसरीकडे, केरळांतील १९९९ सालीं निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापकांवरील वसुली २०२२ सालीं रद्द झाली. त्यांनीं कांहीं लपविलें नव्हतें, कोणाची फसवणूक केली नव्हती, हें त्या निकालांत महत्त्वाचें ठरलें. निकाल त्यांच्या बाजूनें झाला खरा. पण तो पाहावयास निवृत्तीनंतरचीं तेवीस वर्षें जावीं लागलीं.

आमच्या परिचयाच्या गृहस्थांनीं २०१४ च्या निकालाचा आधार देऊन अर्ज केला. सात महिन्यांनीं वसुली रद्द झाली. निवृत्तिवेतन मात्र दुरुस्त केलेल्या, म्हणजे कमी, वेतनावर ठरलें. हें आम्हांस योग्यच वाटतें, आणि त्यांनाहि तें पटलें. झालेली चूक पुढें चालू ठेवण्याचा हक्क कोणासच नाहीं. पण मागच्या चुकीसाठीं निरपराध माणसाला लुटण्याचाहि हक्क कोणास नाहीं. मुलीचें लग्न झालें. पण त्या सात महिन्यांत त्यांचे केस पिकले, ते कांहीं काळे झाले नाहींत.

घरोघरीं ध्यानांत ठेवण्यासारखें

एवढ्या विवेचनांतून नित्याच्या उपयोगाचें असें काय निघतें ? पहिली गोष्ट ही कीं, पगारपत्रक दर महिन्यास वाचावें. आपला पगार किती असावा हें ज्याला ठाऊक नसतें, त्याला तो जास्त आला हेंहि कळत नाहीं आणि कमी आला हेंहि कळत नाहीं. सेवापुस्तक असलेल्यांनीं तें निवृत्तीच्या वर्षाची वाट न पाहतां मधून मधून स्वतः पाहून घ्यावें. आणि कोणत्याहि वचनपत्रावर सही करण्यापूर्वी तें वाचून त्याची नक्कल घरीं ठेवावी.

दुसरी गोष्ट, रक्कम जास्त दिसली कीं त्याच दिवशीं लेखी कळवावें. तोंडी सांगितलेलें विसरलें जातें; लेखी पत्र मात्र पुढें आपल्या सचोटीचा पुरावा होतें. उत्तर येईपर्यंत तो पैसा निराळा ठेवावा आणि त्याला हात लावूं नये. मात्र हल्लीं ‘तुमच्या खात्यांत चुकून पैसे आले, ताबडतोब परत पाठवा’ असे निरोप धाडून लुबाडणारे भामटेहि फार झाले आहेत; म्हणून कोणा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून पैसे कोठेंहि पाठवूं नयेत. बँकेची अगर कचेरीची खात्री करून घ्यावी, आणि परत दिल्याची पावती मागावी.

तिसरी गोष्ट, परतफेडीचें पत्र आल्यास न भितां हिशेब मागावा : कोणत्या महिन्याची चूक, कोणत्या नियमानें, किती रक्कम, एकूण कीं निव्वळ. हिशेब बरोबर असल्यास तो मान्य करून हप्ते मागावेत. हप्ते मागण्यांत कमीपणा नाहीं. हिशेब मान्य नसल्यास तसें मुदतींत कळवावें; स्वस्थ बसणें म्हणजे संमति, असा अर्थ केला जातो.

चौथी गोष्ट धन्यांसाठीं आहे, आणि आपण सर्वच कोणा ना कोणाचे धनी असतों. चूक आपली असेल तर बोलण्याचा आरंभ तिच्या कबुलीनें करावा. आधीं विचारावें, मग हिशेब दाखवावा, आणि मगच फेडीची गोष्ट काढावी. ज्या घाईनें आपण जास्त गेलेला पैसा शोधतों, त्याच घाईनें कमी दिलेला पैसाहि शोधावा.

पुन्हां आमच्या घरीं

हें शेवटचें वाक्य आम्हीं उगाच लिहिलेलें नाहीं. बाईच्या तीन हजारांचा हिशेब पक्का करण्यासाठीं वहिनींनीं घरखर्चाच्या जुन्या वह्या काढल्या. तों त्यांत दुसरीच चूक सांपडली. आदल्या वर्षीं जून महिन्यापासून बाईचा पगार २,८०० वरून ३,००० करावयाचें ठरलें होतें. पण जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांत तिला जुन्याच दरानें पैसे दिले गेले होते. म्हणजे चारशें रुपये आमच्याकडेच तिचे येणें होते ! ती तेव्हां कांहींच बोलली नव्हती. आम्ही मात्र तीन हजारांसाठीं तिच्या सचोटीवर घसरलों होतों. त्या दिवशीं जेवतांना कोणी फारसें बोललें नाहीं.

वेतन संहितेंतील नियम घरकामाच्या बाईला जसेच्या तसे लागू पडतात, असा आमचा दावा नाहीं. पण त्यांतील शहाणपण घेण्यास कोणाची आडकाठी आहे? हिशेब असा केला : तीन हजारांतून तिचे चारशें वजा झाले, दर वर्षीं द्यावयाची हजार रुपये पोस्त त्यांतच पोंचली असें धरलें, उरले सोळाशें. सूनबाई म्हणाल्या, “तेहि सोडून देऊं.” त्यावर आई म्हणाली, “द्यायचं तर देणगी म्हणून हात पुढं करून दे. चुकून गेलेल्याला दान म्हणूं नये. त्यानं तिचाहि मान राहत नाहीं.” बाईलाहि तेंच वाटत होतें. “फुकटचं नको, वहिनी. दर महिन्याला दोनशे कापा,” असें ती म्हणाली.

तेव्हांपासून स्वयंपाकघरांत एक लहान वही टांगलेली आहे. पगार कोणीहि दिला तरी तारीख आणि रक्कम तिच्यांत लिहावयाची, आणि शेजारीं बाईनें सही करावयाची. सही करण्यापूर्वी ती आपल्या मुलीकडून वरचें वाचून घेते. क्लासच्या फीचा असाहि उपयोग झाला! आठवा हप्ता फिटला त्या दिवशीं सूनबाईंनीं त्या ओळीखालीं रेघ मारली, आणि घरांतून साखर आणून बाईच्या हातावर ठेवली.